एकोणसाठ दातांचं चाक

आमच्या दिवाणखान्यात जिथे टीव्ही असायला हवा, तिथे तांब्याचा बंब आहे. येणारे त्याला शोभेची वस्तू समजतात. मला मात्र त्यांना तिथेच थांबवून झाकण उघडून दाखवावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा मी दाखवतेच. बाहेरचं पिंप पाण्याचं. पिंपाच्या मधून उभा गेलेला नळा विस्तवाचा. तळाला जाळी, जाळीखाली राख. नळ्यात वरून ढलप्या, करवंट्या, कोळसे टाकायचे. जाळीतून हवा वर ओढली जाते, नळा कडक होतो आणि त्याच्या भोवतीचं पाणी तापतं. काही बंबांना खाली नळ असतो. आमच्या बंबाला वरच्या अंगाला वाकडी तोटी आहे. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने थेट तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडतं. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, एवढ्याच एका गोष्टीवर हे सगळं चालतं.

स्टीफन्सन पितापुत्रांचं 'रॉकेट' इंजिन 1829 साली रेनहिलच्या शर्यतीत जिंकलं, त्यात मोठा वाटा त्याच्या बॉयलरचा होता. पाण्यातून तांब्याच्या 25 नळ्या नेल्या होत्या आणि त्या नळ्यांतून आगीचा झोत जायचा. बंबात नळा एकच, आणि तोंड उघडं असल्याने वाफ कोंडत नाही, म्हणून तो गाडी ओढू शकत नाही. पण आग पाण्याच्या बाहेर न ठेवता पाण्याच्या आतून न्यायची, ही युक्ती तीच. माझ्या आजीने आयुष्यभर रोज पहाटे एक बॉयलर पेटवला. तिला कुणी तसं म्हटलं नाही, मी म्हणते.

मला जुन्या यंत्रांचं वेड आहे, आणि त्या वेडाला जगात स्टीमपंक म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. व्हिक्टोरिया राणीचा काळ 1837 ते 1901. त्या काळातली वाफेची, पितळेची, दातेरी चाकांची दुनिया पेट्रोल आणि चिप यायच्या आधीच आपल्याच वाटेने पुढे गेली असती तर कशी दिसली असती, अशी ती कल्पना. हे नाव 1987 साली के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने आपल्या आणि आपल्या मित्रांच्या कथांसाठी सुचवलं. मुळं ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्यात. पुढे ते कथांतून बाहेर आलं. लोक तसे कपडे शिवू लागले, तसे दिवे आणि कीबोर्ड बनवू लागले, इंग्लंडमध्ये लिंकनला मेळावे भरू लागले, ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने 2009 मध्ये त्याचं प्रदर्शन मांडलं. एवढा इतिहास पुरे. मला त्यातलं जे हवं आहे ते नाशिकमध्ये, माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरात आहे, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

भांडी बाजारात शिरलं की आधी आवाज येतो. स्टीलने तो बराच कमी केला असला तरी अजून येतो. तांब्याच्या पत्र्याला आकार देताना तांबट तो आधी तापवून मऊ करतो, मग ठोकत जातो. ठोकल्याने तांबं ताठ होतं, पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सगळ्या अंगावर ओळीने ठोके देतात, त्याला मठारणं म्हणतात. घागरीवर दिसणाऱ्या त्या चमकत्या खळग्या नक्षी म्हणून नाहीत, निदान मुळात नव्हत्या. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा अधिक कडक होतो आणि पातळ असूनही घागर चेपत नाही. परदेशात हौशी लोक आपल्या दिव्याला असे खळगे पडावेत म्हणून मुद्दाम शिकवणीला जातात. आपल्याकडे तेच मठारकाम तांब्या-पातेल्यावर रोजच्या वापरात आहे.

कल्हईवाला तर मला थेट रसायनशास्त्राचा प्रयोग वाटतो. भाता, निखारे, तापलेलं पातेलं. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठतो आणि तांब्यावरचा मळ सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला वितळायला 1085 लागतात, त्यामुळे पातेल्याला धक्का न लागता कथील पाण्यासारखं पसरतं आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवता येतं. काही सेकंदांत काळं भांडं चांदीसारखं. लहान असताना मी हे पाहत उभी राहायची, आत्ताही राहते.

दुसरं टोक नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत. मी एका कारखान्यात ड्रॉइंग बनवण्याचं काम करते, त्यामुळे अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये माझी ये-जा असते. तिथे पितळेचा रॉड लेथवर लावला की सोनेरी चुरा पडतो. स्टीलसारख्या लांब कुरळ्या निघत नाहीत. कारण या पितळेत मुद्दाम साधारण 3 टक्के शिसं घातलेलं असतं, त्याने धातू सहज कापला जातो. म्हणून मी त्याच्या घुंड्या, टोप्या, दिव्याचे पाय करते, पण पाणी प्यायची किंवा खायची वस्तू त्याची कधीच करत नाही. हा नियम मी ओळखीच्या प्रत्येक हौशी माणसाला सांगते.

माझ्या टेबलावरचा दिवा जुन्या स्टोव्हचा आहे. स्टोव्ह म्हणजे आपला पितळी, पंप मारायचा, भरभर आवाज करणारा. हे यंत्र 1892 मध्ये स्टॉकहोमला फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी आणलं, 'प्रायमस' नावाने जगभर गेलं, आणि मराठी घरांत इतकं मुरलं की ते कुठून आलं हे कुणी विचारलंच नाही. टाकीत हवा दाबायची, काकड्याने बर्नर तापवायचा, रॉकेल वर चढून तापलेल्या नळीत वाफ होतं, बारीक छिद्रातून सुटतं आणि हवेत मिसळून निळं जळतं. व्हिक्टोरियन काळाचं स्वयंपाकघरातलं सगळ्यात देखणं यंत्र माझ्या मते हेच. माझ्याकडच्या टाकीला भोक पडलं होतं, त्यावर स्टोव्ह म्हणून विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. ती चिंच-मिठाने घासली, आत उरलेल्या रॉकेलचा वास जाईपर्यंत धुतली, भोकावर डाग दिला, बर्नरच्या जागी होल्डर बसवला आणि त्यात तारेसारख्या दिसणाऱ्या एलईडीचा पिवळसर बल्ब लावला. वायर टाकीच्या पोटातून नेली आहे. धातूच्या अंगाचा दिवा असेल तर अर्थिंगची तीन पिनांची वायर लावलीच पाहिजे, आणि अर्थिंगची तार अंगाला स्क्रूने घट्ट आवळली पाहिजे. दिसायला सुंदर आणि हात लावायला धोक्याचा दिवा मला माझ्या घरात नको.

या छंदात एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती म्हणजे चिकटवलेली चाकं. टोपीवर, मोबाईलच्या कव्हरवर, चष्म्यावर गोंदाने चिकटवलेली दातेरी चाकं, जी कशातही अडकत नाहीत आणि काहीही फिरवत नाहीत. मला जुन्या यंत्राची ओढ आहे ती त्याचं पोट दिसतं म्हणून. कुठलं चाक कुणाला फिरवतं, किती वेगाने, का, हे डोळ्यांनी कळतं. आणि कळतं म्हणून दुरुस्त करता येतं. माझ्या फोनच्या पोटात काय चाललं आहे हे मला कळत नाही आणि कंपनीला ते मला कळू द्यायचंही नाही. साखळीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगची ताकद चाकांच्या रांगेतून पळत जाताना दिसते, आणि शेवटी एक छोटं चाक सेकंदाला पाच वेळा डाव्या-उजव्या बाजूला झुलून तिला थोपवतं, सोडतं, थोपवतं. तासाला 18,000 ठोके. माझ्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. मेन रोडजवळ एक वयस्कर घड्याळजी आहेत. ते डोळ्याला भिंग लावून ते साफ करतात आणि प्रत्येक वेळी मला शेजारी बसवून नवं काहीतरी दाखवतात. न फिरणारं चाक हा या सगळ्याचा अपमान आहे असं मला वाटतं, आणि हे मत मी बदलणार नाही.

म्हणूनच मी चंद्राचं चाक करायला घेतलं.

जुन्या चांगल्या घड्याळांत चंद्रकला दाखवणारी तबकडी असते. तिच्यावर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि तिला 59 दात असतात. रोज एक दात पुढे. अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस. त्याची दुप्पट 59. म्हणून दोन चंद्र. ही युक्ती मला इतकी आवडली की भिंतीवर लावायची वीतभर व्यासाची पितळी तबकडी करायची असं ठरवलं. रोज हाताने एक दात सरकवायचा, खिडकीतून आजचा चंद्र दिसेल. आमच्याकडे संकष्टी आणि एकादशी पाळल्या जातात, सासूबाईंना त्याचा उपयोग होईल असंही मनात होतं.

ड्रॉइंग घेऊन मी अंबडला ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. ते बघत राहिले.

"ताई, साठ दात चालतील का?"

"नाही चालणार, मिस्त्री. साठ केले तर महिन्याला अर्धा दिवस चुकेल. वर्षाने पौर्णिमेला दशमीच्या आसपास असू."

"एकोणसाठला माझ्याकडे प्लेट नाही."

दात पाडायला डिव्हायडिंग हेड वापरतात. हँडल 40 वेळा फिरवलं की काम एक पूर्ण फेरा घेतं, आणि फेऱ्याचे भाग मोजायला भोकांच्या वर्तुळांची प्लेट असते. 60 दात असतील तर प्रत्येक दाताला दोन तृतीयांश फेरा, सोपं काम. 59 ही मूळ संख्या. तिला कशानेच भाग जात नाही, त्यामुळे 59 भोकांचं वर्तुळ नसेल तर साध्या मार्गाने ती येत नाही. मी लेझरने कापून आणू का विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि कपाटाच्या तळातून गिअरांचा एक डबा काढला. ते म्हणाले, आम्हाला आयटीआयला शिकवलं होतं, करून किती वर्षं झाली. मग त्यांनी साठचंच गणित धरलं आणि डिव्हायडिंग हेडच्या मागे 32 आणि 48 दातांचे गिअर असे जोडले, की हँडल फिरताना प्लेटही आपल्यापरीने थोडी थोडी सरकत राहावी. दर दाताला पडणारा बारीक फरक प्लेटच्या त्या सरकण्यात भरून निघत गेला आणि पूर्ण फेऱ्याअखेर बरोबर 59 दात पडले. मी तिथेच टेबलावर बसून मोजले. मग त्यांनी मोजले. संगणक न वापरता, फक्त चाकांना चाकं जोडून केलेला हिशेब. माझ्या घरातल्या सगळ्या वस्तूंत मला ही सर्वात प्रिय आहे आणि तिचा अर्धा मान मिस्त्रींचा आहे.

आता त्यातली खरी गंमत. चांद्रमास बरोबर साडेएकोणतीस दिवसांचा नसतो, सरासरी 29.53 दिवसांचा असतो. त्यामुळे हे चाकही हळूहळू चुकतं, आणि पूर्ण एक दिवसाचा फरक पडायला त्याला जवळपास 33 चांद्रमास लागतात. आपल्याकडे अधिकमास साधारण 32-33 महिन्यांनी येतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. अधिकमास सूर्य आणि चंद्र यांच्या वर्षांतला फरक भरून काढतो. माझ्या चाकाची चूक ही त्या 0.03 दिवसाची. पण आकडे इतके जवळ आले की मी नियमच करून टाकला आहे: अधिकमास लागला की चंद्र एक दात मागे घ्यायचा. उपवास मात्र पंचांग बघूनच करायचे, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते योग्यच आहे. तिथीची लांबी रोज बदलते. एका चाकाकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही.

कपड्यांबद्दल लोक जास्त विचारतात, म्हणून लिहिते. कॉर्सेट मी घालत नाही आणि घालणार नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये तर नाहीच, पण डिसेंबरातही बाईला श्वास घेता आला पाहिजे. माझा नेहमीचा वेष म्हणजे सुती साडी, कोपराखालपर्यंत बाह्यांचं लेस लावलेलं पोलकं आणि वर जाकीट. जुन्या फोटोंत आपल्या पणज्या अशाच दिसतात. फुगीर बाही आणि लेस त्या काळी पोलक्यात आली आणि मराठी होऊन गेली. जाकीट मी खणाचं शिवून घेते, आणि एक पैठणीच्या फाटलेल्या पदरातलं आहे. जाकिटाला खिसे असतात. बायकांच्या कपड्यांत खिसा हा इतका दुर्मिळ आहे की घड्याळ, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मोजपट्टी अंगावर बाळगता येणं हे मला रोज नव्याने सुखाचं वाटतं.

पैठणीवरून येवल्याचं सांगितलंच पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात, दीड-दोन तासांच्या वाटेवर. तिथे अनेक मागांवर वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. तो जकार्ड. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास हा माग सिद्ध केला. तीच पुठ्ठ्यांची कल्पना इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या 'अॅनालिटिकल इंजिन' या आकडेमोडीच्या यंत्रासाठी घेतली. गणितज्ञ एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये त्याबद्दल लिहिताना म्हटलं, की जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. बॅबेजचं ते यंत्र कधी पुरं झालं नाही. त्यांचंच दुसरं यंत्र, 'डिफरन्स इंजिन नंबर 2', लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्या द्विजन्मशताब्दीच्या वर्षी, 1991 मध्ये, त्यांच्या मूळ आराखड्यांवरून बांधलं आणि ते चाललं. वाफेच्या काळातला संगणक ही स्टीमपंकची सगळ्यात लाडकी कल्पना. आणि त्याच्या पोटातली पुठ्ठ्यांची माळ येवल्यात साडीच्या काठावर मोर काढते आहे. मी पहिल्यांदा तो माग पाहिला तेव्हा विणकर काकांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी शेवटी मला पाय मारायला बसवलं.

आता अवघड भाग. माझे चुलते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, ज्या राणीच्या राज्यात आपली माणसं दुष्काळात मेली, तिच्या काळासारखं घर सजवतेस? आणि तेही नाशिकमध्ये?"

या प्रश्नाला घाईने उत्तर द्यायचं नसतं. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनने भोगला. 22 जून 1897 च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवातून परतणाऱ्या रँडवर पुण्यात गोळी झाडली गेली, ती प्लेगच्या जुलमाच्या संतापातून. राणी गेल्यानंतरही राज्य तसंच होतं. 21 डिसेंबर 1909 रोजी आमच्या नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या रस्त्यावरून मी भांडी बाजारात जाते. तिथे सोला टोपी घालून मिरवणं मला शक्य नाही. माझ्या घरात राणीचं चित्र नाही, शिकारीचं मुंडकं नाही, साहेबी क्लबाची आठवण देणारं काही नाही. परदेशातले पुष्कळ हौशी हा भाग विसरतात. त्यांना तो काळ म्हणजे उंच टोपी आणि विमानासारखी तरंगणारी जहाजं. आपल्याला विसरता येत नाही, आणि येऊ नये.

मग काय उरतं? काकांना मी कसारा घाटाचं सांगितलं. थळ घाटाची, म्हणजे याच घाटाची, रेल्वे 1 जानेवारी 1865 ला खुली झाली. 37 फुटांना एक फूट असा चढ, आजही मागून जोडइंजिनं लावून गाड्या चढवतात. हुकूम रेल्वे कंपनीचा होता, नफा तिचा होता. पण कातळ फोडणारे हात इथले होते, त्यातले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी मेले आणि त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. बोगदा राणीचा म्हणायचा की त्यांचा? मी त्यांचा म्हणते. ज्या हातांनी लोखंड आणि पितळ समजून घेतलं त्यांच्या बाजूने मी हा काळ बघते. शंकर आबाजी भिसे, जन्म 1867, मुंबईचे. ते लंडनला गेले आणि तिथे त्यांनी छापखान्याचे खिळे पाडायचं यंत्र सिद्ध केलं. आणि त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके! फोटोग्राफी, ठसे, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून 1912 मध्ये लंडनहून हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. फिल्मला कडेची भोकं पाडलेली येत नसत. ती अंधारात, यंत्रावर, एकेक करून पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. मला त्या हव्या आहेत. अंधाऱ्या खोलीत नुसत्या स्पर्शाने भोकांमधलं अंतर राखणारी बाई माझ्यासाठी त्या युगाची नायिका आहे.

काका सगळं पटल्यासारखे दिसले नाहीत. "सरस्वतीबाईंचा फोटो लाव मग," एवढं म्हणाले. लावला आहे, दिव्याच्या वर.

नाशिकमध्ये ट्राम होती हे तर पुष्कळ नाशिककरांनाही सांगावं लागतं. 1889 मध्ये सुरू झाली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, अडीच फुटी रुळांवर, आणि ओढायला घोडे. 1930 च्या दशकात ती बंद पडली. तिचे सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. या माणसाने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तीही अडीच फुटीच, 1897 मध्ये सुरू झालेली. त्याला अरबी घोड्यांचं विलक्षण प्रेम होतं. 1910 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला, तेव्हा त्याने पॅराशूटवर काम सुरू केलं आणि 'गार्डियन एंजल' नावाची पॅराशूट बनवली. रेल्वे, घोडे आणि पॅराशूट एकाच डोक्यात. आज मेन रोडवरून द्वारकेकडे जाताना गर्दीत अडकले की मी त्या रुळांचा मार्ग मनात आखत बसते. ट्रामच्या डब्याचा लाकडी-पितळी नमुना करायचा माझा विचार आहे, चाकं फिरणारा, ब्रेक लागणारा. त्याआधी जुने फोटो नीट मिळायला हवेत.

सध्या मात्र हातात वेगळं काम आहे. मिस्त्रींनाही त्यांच्या घरी चंद्राचं चाक हवं आहे, आणि त्यांना ते हाताने फिरवायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळानेच रोज एक दात ढकलावा. तास-काट्याचं चाक दिवसात दोन फेरे घेतं, म्हणून त्याला दुप्पट दातांचं चाक जोडून दिवसाला एक फेरा करायचा, त्या चाकाला एक बोट बसवायचं, आणि बोटाने ढकलल्यावर तबकडी पुढे घसरू नये म्हणून एक हलकी स्प्रिंग. प्रश्न उरला तो एवढाच, की बोटाने चंद्र कधी ढकलायचा. घड्याळाच्या बऱ्याच कंपन्या मध्यरात्रीच्या सुमारास ढकलतात. मिस्त्री म्हणाले, "ताई, आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो." बरोबर आहे. नाशिकला सूर्योदय वर्षभरात साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान मागे-पुढे होत राहतो, तेवढी सूट घ्यावी लागेल. बोट सकाळी सहाला बसवायचं ठरलं आहे. स्प्रिंगसाठी फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी तेवढी मिळायची आहे.